सीसीसीचा अंश आणि द्राक्षपट्ट्यातील ज्ञानव्यवस्था : २०१० च्या निर्यात संकटाचा प्रकरण अभ्यास

२०१० च्या निर्यात हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. हे कंटेनर भारतातील तपासणीत उत्तीर्ण होऊन, प्रमाणपत्रांसह निघाले होते. कोणी तपासणी चुकवली नव्हती. जे तपासायला सांगितले होते ते सगळे तपासले गेले होते, आणि सीसीसी त्या यादीत नव्हते.

बागायतदार, संशोधन संस्था, कृषी विद्यापीठ, प्रयोगशाळा आणि निर्यातदार मिळून एखाद्या भागाचे अर्थकारण कसे उभे करतात, आणि त्यांच्यातला एक सांधा निखळला की काय होते, हे समजून घ्यायला हे प्रकरण उपयोगी आहे. यातील बागायतदार व निर्यातदार यांची नावे दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील द्राक्षशेतीत नवे शोध आधी बांधावर लागले आणि संस्था नंतर आल्या. तास-ए-गणेश हा वाण तासगाव भागात वसंतराव आर्वे यांनी निवडला, तर सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी. दोन्ही निवडी बागेत फिरणाऱ्या डोळ्यांनी केलेल्या. १९६० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाने नाशिक, पुणे, सांगली आणि सोलापूर हे चार विभाग एका धाग्यात बांधले. छाटणीपूर्व चर्चासत्रे, शिवारफेऱ्या आणि वार्षिक अधिवेशन यांमुळे निफाडमधली युक्ती वर्षभरात मिरजेत पोहोचू लागली. १९९१ मध्ये द्राक्ष सहकारी संस्थांनी एकत्र येऊन महाग्रेप्स स्थापन केली आणि निर्यातीला सामूहिक रूप आले.

संशोधनाची बाजू राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ सांभाळत होते. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. क्षारयुक्त जमीन आणि पाण्याची ओढ यांवर उपाय म्हणून डॉगरिज खुंटाचा (ज्यावर द्राक्षाचे कलम बांधतात त्या मुळाकडच्या रोपाचा) प्रसार झाला, तो बागायतदार आणि संशोधक यांच्या देवाणघेवाणीतूनच.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का २००३ मध्ये बसला. नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश सापडले. त्यातून अपेडाने (केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणाने) २००३-०४ पासून उर्वरित अंश नियंत्रण आराखडा लागू केला आणि मांजरीच्या केंद्रातील प्रयोगशाळेला राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेची जबाबदारी मिळाली. २००६ मध्ये ग्रेपनेट ही संगणकीय माग काढण्याची व्यवस्था आली. तिचा क्रम थोडक्यात असा : हंगामाआधी कृषी विभागाकडे प्लॉटची नोंदणी करून क्रमांक घ्यायचा आणि प्रत्येक फवारणी नोंदवहीत लिहायची. काढणीच्या तोंडावर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो. निकाल ग्रेपनेटवर चढतो. एखादा घटक मर्यादेपेक्षा जास्त आढळला, तर त्या प्लॉटवर ‘अंतर्गत इशारा’ लागतो आणि फेरनमुना उत्तीर्ण होईपर्यंत माल युरोपकडे जाऊ शकत नाही. उत्तीर्ण माल पॅकहाउसमध्ये जातो. तिथे पूर्वशीतकरण, गंधकाचा पॅड घालून पेटीबंद करणे, ॲगमार्क आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र हे टप्पे झाल्यावर कंटेनर बंद होतो.

छोट्या बागायतदारांच्या हजारो प्लॉटना युरोपातल्या दुकानाच्या फळीशी जोडणारी ही साखळी खरोखर मोठी कामगिरी होती. तिची एक मर्यादा मात्र फारशी कोणाच्या नजरेत नव्हती. यादीत नसलेल्या रसायनाबद्दल ती काहीच सांगू शकत नव्हती.

अडचण

आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते आणि तिच्यावरच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांत, घडनिर्मिती होते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर ते घड बाहेर पडतात. उन्हाळ्यात वेल नुसताच लांब वाढत राहिला, तर डोळ्यांत घड बसत नाहीत. सीसीसी वेलीतील जिबरेलिन या वाढ घडवणाऱ्या संप्रेरकाची निर्मिती रोखते, शेंडा थांबतो आणि अन्नसाठा डोळ्यांकडे वळतो. म्हणून खरड छाटणीनंतर साधारण पाच पानांच्या अवस्थेपासून ५०० ते १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत तितके भाग) फवारण्या हा वर्षानुवर्षांचा पाठ होता. काही बागांत गोडी छाटणीनंतरही, वाढीचा जोर मोडण्यासाठी, ते वापरले जाई. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ किनाऱ्यावर आले आणि राज्यात अवकाळी पाऊस झाला. असा पाऊस गोडी छाटणीनंतर आला की वेल शाखीय वाढीकडे झुकतो, आणि वाढ आवरण्यासाठी हात नेमका अशाच वेळी सीसीसीकडे जातो.

दुसरीकडे युरोपातील नियम बदलले होते. १ सप्टेंबर २००८ पासून सर्व सदस्य देशांसाठी उर्वरित अंशांची एकच यादी लागू झाली. त्याआधी देशागणिक मर्यादा वेगळ्या असत. नव्या यादीत खाण्याच्या द्राक्षांसाठी क्लोरमेक्वाटची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती, म्हणजे व्यवहारात ‘मोजता येईल इतकाही अंश नको’. त्याच युरोपात हे रसायन गव्हाचे ताट लोळू नये म्हणून फवारले जाते आणि गव्हासाठीची मर्यादा कित्येक पट जास्त आहे. द्राक्षावर त्याचा वापर तिथे मंजूर नव्हता, म्हणून द्राक्षाची मर्यादा तळाला होती. हा फरक पुढे पर्याय तोलताना महत्त्वाचा ठरतो.

०.०५ मिलिग्रॅम म्हणजे किती, ते एकदा मांडून पाहावे. ५० टक्के तीव्रतेचे औषध लिटरला २ मिलि घेतले की सुमारे १००० पीपीएम द्रावण होते. एकरी २०० लिटर पाणी धरल्यास ४०० मिलि औषध, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम सक्रिय घटक एका फवारणीत बागेवर पडतो. एकरी १० टन माल धरला, तर त्या सगळ्या मालात मिळून फक्त अर्धा ग्रॅम घटक चालतो. फवारलेल्यापैकी चारशेवा हिस्सा मण्यांत उतरला, तरी मर्यादा गाठली जाते.

त्यात हे रसायन झाडात टिकून राहणारे. ते पाण्यात सहज विरघळते, पानातून आत शिरून वेलभर फिरते आणि बहुवर्षायू झाडाच्या खोडात व काड्यांत साठून राहू शकते. याचा अनुभव युरोपाला स्वतःला होता. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये नाशपातीवर त्याचा वापर थांबवल्यानंतरही काही वर्षे फळांत अंश सापडत राहिले आणि नाशपातीसाठी तात्पुरती वाढीव मर्यादा ठेवावी लागली. त्यामुळे उन्हाळ्यात फवारलेले फेब्रुवारीत सापडू शकते. काढणीपूर्वी अमुक दिवस फवारणी थांबवा, हा नेहमीचा हिशेब इथे पुरत नाही.

आणि वेळ हातात नव्हता. कंटेनरला बोटीने रॉटरडॅमपर्यंत जायला तेव्हा तीन ते चार आठवडे लागत. पहिला प्रतिकूल अहवाल हाती येईपर्यंत त्याच हंगामातील पुढचे कंटेनर समुद्रात, आणि त्यामागचे पॅकहाउसमध्ये असतात. युरोपातील बड्या साखळी दुकानांचे स्वतःचे निकष सरकारी मर्यादेहून कडक असतात. एकदा संशय आला की चांगला मालही ते मागे ठेवतात. द्राक्ष नाशवंत आहे, त्यामुळे थांबलेला कंटेनर म्हणजे घसरलेला दर. निर्यातदारांचे पैसे अडकले आणि त्यांच्यामागे बागायतदारांचे.

रसायन चाळणीतून का निसटले

एकाच नमुन्यात अनेक कीडनाशके तपासण्याच्या पद्धतीत द्राक्षाचा लगदा इथाइल ॲसिटेटसारख्या सेंद्रिय द्रावकात घुसळतात. बहुतेक कीडनाशके त्या द्रावकात उतरतात आणि पुढे यंत्रावर ओळखली जातात. क्लोरमेक्वाट हे धन प्रभार असलेले क्षारासारखे रसायन आहे. ते अशा द्रावकात उतरतच नाही, मागे पाण्याच्या थरात राहते आणि तो थर टाकून दिला जातो. यंत्र कितीही महागडे असले तरी त्याच्यापर्यंत घटक पोहोचलाच नाही, तर ते काय दाखवणार? क्लोरमेक्वाटसाठी मिथेनॉल आणि सौम्य आम्ल यांनी वेगळे निष्कर्षण करावे लागते, ध्रुवीय रेणू धरणारा वेगळा कॉलम लागतो आणि एलसी-एमएसएमएस या घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर वेगळी धाव घ्यावी लागते. म्हणजे प्रत्येक नमुन्यामागे जादा वेळ आणि जादा खर्च. कोणी सांगितल्याशिवाय कुठलीही प्रयोगशाळा तो आपणहून करत नाही.

आमच्या मते प्रकरणाचे मर्म इथेच आहे. बागायतदाराला आणि कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला सीसीसी किती खपते हे ठाऊक होते. कृषी सल्लागार ते वेळापत्रकात लिहून देत होते. युरोपची मर्यादा छापील आणि सर्वांना खुली होती. वेगळी चाचणी पद्धत शास्त्रीय साहित्यात होती. चारही गोष्टी द्राक्षपट्ट्यात किंवा त्याच्या आवाक्यात होत्या. त्या एका टेबलावर आणणारी जागा व्यवस्थेत नव्हती. यादी तयार करताना मुख्य विचार कीड आणि रोगांच्या औषधांचा होता. संजीवके (वाढीला चालना देणारी द्रव्ये) आणि वाढनियंत्रके ही ‘औषधे’ नव्हेत, अशी समजूत बांधावर होती, आणि ती कागदावरही उतरली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय युरोपकडे मर्यादा वाढवून मागण्याचा होता. आयात सवलतीची, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालासाठीची वाढीव, मर्यादा मागता येते, पण त्यासाठी ठरावीक पद्धतीने, अनेक ठिकाणी, एकाहून अधिक हंगामांत घेतलेल्या अंश चाचण्यांची माहिती द्यावी लागते. त्यात वर्षे जातात. शिवाय द्राक्षावर वापराचा देशांतर्गत परवाना आणि शिफारस चोख असावी लागते. मुद्दा न्याय्य होता, पण पुढच्या जानेवारीच्या उपयोगाचा नव्हता.

दुसरा, सीसीसी सरसकट बंद करणे. अडचण अशी की महाराष्ट्रातील बहुतांश द्राक्षे देशातच खपतात किंवा बेदाण्याला जातात. त्या बागायतदारांना युरोपच्या मर्यादेशी देणेघेणे नाही आणि घडनिर्मितीची हमी त्यांना हवीच असते. शेजारच्या दोन प्लॉटपैकी एक निर्यातीचा आणि एक स्थानिक बाजाराचा, हे चित्र नेहमीचे. एकाच फवारणी यंत्राने दोन्हीकडे काम होते. अशा स्थितीत बंदी कागदावर राहण्याची शक्यता मोठी होती.

तिसरा, माल आखातात, रशियात, बांगलादेशात वळवणे. निर्यातदारांनी तात्पुरते हे केलेच. पण युरोपचा दर तिथे मिळत नाही, आणि निर्यातीच्या बागेवर झालेला जादा खर्च, म्हणजे घड विरळणी, मण्यांची जाडी, मजुरी, हा त्या दरावरच उभा असतो.

चौथा, चाचणी यादीत सीसीसी घेणे, प्रयोगशाळांची क्षमता वाढवणे आणि वापर अवस्थेनुसार बांधून देणे. हा सर्वांत खर्चिक आणि सर्वांत जास्त लोकांना हलवणारा मार्ग होता. ओझे मुख्यतः याच पर्यायावर टाकले गेले.

प्रत्यक्षात काय केले

पुढच्या हंगामाच्या तपासणी यादीत क्लोरमेक्वाट आले. त्यासाठी प्रयोगशाळांना नवी पद्धत बसवावी लागली. पद्धत बसवणे म्हणजे नुसती कृती वाचून नमुना चालवणे नव्हे. रसायन नसलेल्या द्राक्षाच्या लगद्यात ज्ञात प्रमाणात क्लोरमेक्वाट मिसळून ते किती टक्के परत मिळते ते पाहायचे, ०.०५ च्या बरेच खालीही मोजमाप विश्वासार्ह आहे हे दाखवायचे, आणि सर्व प्रयोगशाळांना एकच नमुना देऊन आकडे जुळतात का हे तपासायचे. हे काम संदर्भ प्रयोगशाळेशिवाय झाले नसते. एका प्रयोगशाळेत ०.०४ आणि दुसरीत ०.०७ आले, तर बागायतदाराचा विश्वास दोन्हींवरून उडतो.

बांधावरचे काम याहून अवघड होते. गोडी छाटणीनंतर निर्यातीच्या बागेत सीसीसीला हात लावायचा नाही, हा नियम आला. खरड छाटणीनंतरचा वापरही कमी करून सुरुवातीच्या अवस्थेपुरता मर्यादित ठेवण्यावर भर दिला गेला. पण ‘वापरू नका’ एवढे सांगून भागत नाही. वाढ कशाने रोखायची, हे सांगावे लागते. सात पानांवर शेंडा मारून सबकेन (उपकाडी) घेणे, नत्र आखडते ठेवून स्फुरद आणि पालाश वेळेवर देणे, डोळ्यांत घड बसण्याच्या काळात ठिबकचे पाणी कमी करणे, काड्यांची संख्या मर्यादित ठेवून आत ऊन खेळू देणे, ही कामे नवी नव्हती. सीसीसी स्वस्त आणि सोपे असल्यामुळे ती मागे पडली होती. शेंडा मारायला मजूर लागतात आणि फवारणीला एक ट्रॅक्टर पुरतो, हा खर्चाचा फरक ज्यांनी मोकळेपणाने मान्य केला, त्यांचाच सल्ला बागायतदारांनी मानला.

हा बदल पसरला तो संघाच्या छाटणी चर्चासत्रांतून. मांजरीचे शास्त्रज्ञ, विद्यापीठाची मंडळी आणि नावाजलेले बागायतदार एकाच मंचावर येण्याची सवय या भागाला आधीपासून होती. त्याच वाटेने या वेळी वाईट बातमीही पोहोचली. नवी यंत्रणा उभारत बसावे लागले असते, तर एक हंगाम आणखी गेला असता.

परिणाम

देशाची ताज्या द्राक्षांची निर्यात २००९-१० मध्ये सुमारे १.३१ लाख टन होती. २०१०-११ मध्ये ती ९९ हजार टनांवर आली. २०११-१२ मध्ये १.०८ लाख, २०१२-१३ मध्ये १.७२ लाख आणि २०१३-१४ मध्ये १.९२ लाख टन झाली. घसरणीचे सगळे खापर सीसीसीवर फोडता येत नाही. हवामानाचा वाटा त्यात आहे, आणि हे आकडे युरोपाबाहेरच्या बाजारांसह आहेत. तरीही तीन हंगामांत आधीची पातळी ओलांडली जाणे, हे व्यवस्था सावरल्याचे लक्षण मानता येते.

दुसरा परिणाम संघटनेच्या रचनेत दिसला. बागायतदाराने पिकवायचे आणि निर्यातदाराने विकायचे, या विभागणीत जोखीम कोणाची, हा प्रश्न उघडा पडला होता. उत्पादक कंपन्यांकडे वळण्याचा कल याच सुमारास वाढला. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही त्याच काळातली उभारणी. बाग, सल्ला, पॅकहाउस आणि विक्री एका छताखाली आली की फवारणीची नोंद खरी लिहिण्यात शेतकऱ्याचा थेट फायदा असतो.

नुकसानभरपाईची मागणी झाली, वाद झाले. ज्यांनी सांगितलेले सर्व नियम पाळले होते त्यांनाही फटका बसला, आणि हे दुःख आकड्यांत मावत नाही. उत्तीर्ण अहवाल हातात असताना कर्ज अंगावर येणे, हा बागायतदाराचा दोष नव्हता.

निर्णयाचे क्षण आणि वेगळे काय करता आले असते

पहिला क्षण सप्टेंबर २००८. युरोपची एकत्रित यादी लागू झाली, तेव्हा तपासणी यादी नव्याने, शून्यापासून तपासायला हवी होती. प्रश्न ‘गेल्या वर्षी काय सापडले’ असा न ठेवता ‘आपल्या बागेत काय काय पडते आणि त्यातल्या प्रत्येकाची तिथली मर्यादा किती’ असा ठेवायला हवा होता. यासाठी मोठे संशोधन लागत नाही. निफाड, दिंडोरी, तासगाव आणि मिरज तालुक्यांतील कृषी सेवा केंद्रांची विक्रीनोंद आणि बागायतदारांच्या फवारणी वह्या यांची चाचणी यादीशी तुलना केली असती, तर सीसीसी पहिल्याच पानावर दिसले असते. कृषी विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दर एप्रिलमध्ये देता येईल असे हे काम आहे. विद्यापीठाचे खरे बळ त्यातच आहे : गावागावांतून आलेली मुले, ज्यांच्या घरच्या वहीत ही माहिती असते.

दुसरा क्षण २००३ नंतरचा. मेथोमिलवरून जो धडा घेतला गेला तो ‘यादीतल्या रसायनांवर लक्ष ठेवा’ इतका अरुंद होता. प्रत्येक धक्क्यानंतर यादी एका ओळीने वाढवली, तर व्यवस्था नेहमी एक हंगाम मागे राहते. सर्व नमुन्यांची महागडी चाचणी परवडत नसेल, तर निदान दरवर्षी थोड्या नमुन्यांवर यादीबाहेरच्या ध्रुवीय रसायनांचा शोध घ्यावा. शंभरातले पाच नमुने पुरे. हा खर्च संदर्भ प्रयोगशाळेला सरकारने द्यावा, निर्यातदाराच्या चाचणी शुल्कावर तो अवलंबून ठेवू नये. ज्या चाचणीचा निकाल कोणालाच नको असतो, तिचे पैसे बाजार देत नाही.

तिसरा क्षण अहवाल येऊ लागले तेव्हाचा. प्लॉट क्रमांकामुळे कोणत्या पेटीतील माल कोणत्या बागेतला, हे ग्रेपनेटवर कळत होते. पण त्या बागेत सीसीसी कधी पडले, हे फक्त वहीत होते, तेही असले तर. फवारणीची नोंद त्याच संगणकीय व्यवस्थेत असती, तर गोडी छाटणीनंतर वापर झालेले प्लॉट वेगळे काढून उरलेल्यांची बाजू आयातदारापुढे पुराव्यासह मांडता आली असती. सर्वांवर एकच शिक्का बसला, तो या त्रुटीमुळे.

आयात सवलतीचा पहिला पर्याय त्या हंगामासाठी निरुपयोगी होता, हे खरे. पण तो त्याच वर्षी, चौथ्या पर्यायाच्या जोडीने, सुरू करायला हरकत नव्हती. द्राक्षात गरजेच्या पण युरोपात द्राक्षावर न वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक घटकासाठी अंश चाचण्यांचा साठा मांजरी, राहुरी आणि संघाच्या बागांत मिळून तयार करता येतो. तीन-चार वर्षांनी नियम बदलण्याची चर्चा निघते, तेव्हा ज्याच्याकडे स्वतःच्या मातीतली, स्वतःच्या दुहेरी छाटणीची आकडेवारी असते, त्याचेच म्हणणे टेबलावर ऐकले जाते. खरड छाटणीतील वापराचा फेब्रुवारीतील मण्यावर होणारा परिणाम युरोपातला कुठलाही संशोधक मोजणार नाही, कारण तिथे वेलीची छाटणी वर्षातून एकदाच होते.